‘द्ध’ला जागा नव्हती

परभणीत स्टेशनच्या रस्त्यावर खताच्या दुकानावर एक लांबट हॉल होता. जिन्याच्या भिंती कमरेइतक्या उंचीपर्यंत पानाच्या पिचकाऱ्यांनी माखलेल्या. कोपऱ्यात तर थरावर थर बसून ते काळं पडलं होतं, आणि उन्हाळ्यात त्यावर माशा बसलेल्या असायच्या. खालून फवारणीच्या औषधाचा उग्र वास यायचा. मी ओढणी नाकाला लावून, भिंतीला अंग लागू न देता वर चढायची. वर चपला काढाव्या लागत, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. मग बंद खिडक्यांच्या त्या खोलीत दिवसभर सहा माणसांच्या पायांचा वास. १९९३ साली मी तिथं सात महिने काम केलं, आणि आजही कुठल्या जिन्यात तशी भिंत दिसली की माझा हात ओढणीकडे जातो.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. बी.ए. झालेलं, मराठी टायपिंगची परीक्षा पास, वर सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स. आमच्या वस्तीत त्या यंत्राला हात लावलेली मी पहिलीच. माय शेजारणींना सांगायची, ‘माझी पोरगी टीव्हीवर लिहिते.’

हॉलचा मालक सेलूचा. तिथं त्याचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. त्याने सगळ्यांच्या आधी कॉम्प्युटर घेतला, पत्रिकेसाठी मराठी अक्षरं स्वतः बनवली, आणि त्या जोरावर परभणीतल्या एका सरकारी कचेरीचं काम मिळवलं. काम असं होतं. गावोगाव फिरून लोकांनी हाताने भरलेले कुटुंबाचे फॉर्म पोत्यांत भरून आमच्याकडे यायचे. आम्ही ते टाइप करायचे. मग प्रत्येक घराचं एक जाड कार्ड छापून निघायचं: कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं, वयं, धर्म, जात, शेती. ते कार्ड कचेरीचा शिक्का मारून त्या घरी जायचं.

मालकाने भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता. चौकोनच चौकोन, प्रत्येक चौकोनात एक आकृती आणि खाली आकडा. पहिल्या दिवशी त्याने आम्हाला छातीवर हात ठेवून समजावलं, ‘हे बगा, मशीनला अक्षर समजत न्हाई. मशीनला आकडा समजतो. आपण क दाबला की मशीन आकडा लिहिते, आन् कागदावर त्या आकड्याच्या जागंवर जे चित्र आसंल ते उमटवते. जागा अडीचशे. इंग्रजीला निम्म्या गेल्या. राहिलेल्यात म्या पुरी मराठी बसवली.’

पुरी मराठी. मी तो तक्ता घरून आणलेल्या पोळीभाजीच्या डब्याबरोबर रोज बघत बसायची, आणि मला हळूहळू त्यातलं दिसायला लागलं. ज्या अक्षरांना उभा दांडा आहे त्यांची अर्धी रूपं होती. ती कुणालाही जोडता येत. पण द, ह, ट यांना दांडा नाही. त्यांची जोडाक्षरं एकेक पूर्ण काढून त्यांना वेगळी जागा द्यावी लागते. विद्येतल्या ‘द्य’ला जागा होती. ब्राह्मणातल्या ‘ह्म’ला होती. ॐला होती, स्वस्तिकाला होती, कलशाला होती, दोन तऱ्हेच्या गणपतींना दोन होत्या, सनईला होती. ‘चि. सौ. कां.’ हे एवढं सगळं एकाच आकड्यावर बसवलेलं होतं. ‘द्ध’ला नव्हती.

पाय मोडायची खूणही नव्हती, म्हणजे द चा पाय मोडून पुढे ध लिहावं तर तेही नाही. मी विचारलं तेव्हा मालक म्हणाला, ‘लग्नाच्या पत्रिकेत पाय मोडलेलं अक्षर बरं दिसत न्हाई. अशुभ वाटतं.’

गंगाखेड तालुक्यातल्या गावांची पोती आली तेव्हा पहिल्याच गठ्ठ्यात मला अडलं. धर्माच्या रकान्यात फॉर्मवाल्याने निळ्या शाईने लिहिलेलं होतं: बौद्ध.

‘मालक, हे कसं लिहायचं?’

तो भजी खात होता. तेलाची बोटं पँटच्या मागच्या बाजूला पुसून तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर वाकला. ‘बौध लिहा की. समजतं लोकायला.’

‘बौध असा शब्द नाही.’

‘ताई, तुमी कार्ड भरायलाव का व्याकरण शिकवायलाव? बौध लिहा अन् पुढं चला. खामखा डोकं नका लावू.’

माझ्या शेजारी पोखर्णीची एक मुलगी बसायची. चांगल्या बागायतदार घरातली, रोज एस.टी.ने येणारी, मनाने मोकळी. ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘लिही गं. कुणाला कळायलंय.’ आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, ‘आन् तू तर तुमच्यातली वाटतच न्हाईस.’

हे तिने प्रेमाने म्हटलं होतं. मी मात्र पाणी प्यायला उठले.

मला ‘बौध’ लिहवेना. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांनी जन्मभर पोरांच्या पाट्यांवर जोडाक्षरं गिरवून घेतली. ‘आधी द, मग त्याच्या पोटाखाली ध लटकतो. बोलून बघा, जीभ सांगते कोण आधी,’ असं ते म्हणायचे. ते अक्षर आमच्या घरात साधं नव्हतं. ७८ साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा राणीसावरगावच्या बाजूला असलेल्या आमच्या गावात वस्तीतली घरं जाळली. मी आठ वर्षांची होते. मला आठवतो तो जळालेल्या धान्याचा वास. ज्वारी जळली की आधी भाकरीसारखा वास येतो, आणि म्हणूनच तो फार घाण वाटतो. बाबांची कागदपत्रांची पेटीही त्यात गेली. नंतर परभणीला आल्यावर त्यांनी एकेक दाखला पुन्हा काढला. एका कारकुनाने न विचारता धर्माच्या जागी हिंदू लिहून टाकलं होतं. बाबा त्याच्या टेबलासमोर संध्याकाळपर्यंत उभे राहिले आणि बौद्ध लिहवून घेऊनच घरी आले.

तर मी माझ्यापुरती एक वाट काढली. टाइपरायटरवर हे अक्षर नसायचं तेव्हा लोक अर्धा ध लिहून पुढे द लिहायचे: बौध्द. अक्षरं उलटी होतात, पण निदान दोन्ही असतात. अर्ध्या ध ला तक्त्यात जागा होती. मी मालकाला न सांगता सगळीकडे ‘बौध्द’ लिहायला लागले. मला वाटलं, मी माझा मान राखला. तीन गावं मी अशी संपवली, आमचंही त्यातच.

त्या उन्हाळ्यात दुपारी दोन-दोन तास लाइट जायची. कॉम्प्युटर बंद, पंखे बंद, आणि मालक सेलूला. एका दुपारी पंख्यासारखं हलवायला पुठ्ठा शोधत मी कपाट उघडलं. पत्रिकांच्या नमुन्यांच्या ढिगाखाली झेरॉक्सचं एक जाडसर पुस्तक सापडलं, इंग्रजी. झुरळांच्या लेंड्या झटकून मी ते उघडलं. मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनातून मालकाने आणलेलं होतं. वेगवेगळ्या देशांच्या लिप्या कॉम्प्युटरमध्ये कशा बसवतात, असा त्याचा विषय. एका पानाच्या कडा बोटांनी काळ्या झालेल्या होत्या. ते पान कोरियाचं होतं. त्यावर चौकोनच चौकोन होते, प्रत्येक चौकोनात एक आकृती. आमच्या भिंतीवरचा तक्ता कुठून आला ते मला तेव्हा कळलं.

माझं इंग्रजी बेताचं. डिक्शनरी घेऊन मला तीन दुपारी लागल्या. पण जे कळलं ते असं. कोरियाच्या लोकांची मूळ अक्षरं थोडीच आहेत, आपल्यासारखी, आवाजाला एक. पण ती ते ओळीने लिहीत नाहीत. आपण ‘हन’ म्हणतो तेव्हा त्यात ह, अ आणि न असे तीन आवाज असतात. ते हे तिन्ही एका चौकोनात रचतात: ह आणि अ शेजारी शेजारी वर, न खाली. असा प्रत्येक उच्चाराचा एक चौकोन. हा चौकोन मशीनला कसा द्यायचा? त्यांच्याकडे दोन पद्धती होत्या.

एक पद्धत मालकाची. चौकोन आधीच रचून ठेवायचे आणि प्रत्येकाला एक आकडा द्यायचा. पण सगळे मिळून चौकोन होतात अकरा हजारांच्या वर. म्हणून जे जास्त वापरात आहेत ते दोन हजार साडेतीनशे निवडले आणि तक्त्यात बसवले. उरलेले बाहेर. त्यातला एखादा चौकोन कुणाच्या नावात असेल तर त्या माणसाने जवळपासचा दुसरा वापरावा, नाहीतर नाव फोडून लिहावं.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. घामाने झेरॉक्सची शाई माझ्या अंगठ्याला लागत होती. त्या देशाबद्दल मला नकाशातल्या जागेपलीकडे काही माहीत नव्हतं. पण तिथल्या कुठल्यातरी खिडकीसमोर उभा राहिलेला एक माणूस मला स्पष्ट दिसला, ज्याला आतून कुणीतरी सांगत होतं की तुझं नाव मशीनला येत नाही. आणि त्या आतल्या माणसाचं तोंड भज्यांच्या तेलाने चकाकत होतं.

दुसरी पद्धत पुढच्या पानांवर होती. ती पानं एकमेकांना चिकटलेली होती, पत्रिकांची खळ सांडून. मी पट्टीने ती सोडवली. त्यात लिहिलं होतं की चौकोन रचून ठेवायचेच नाहीत. प्रत्येक चौकोनाच्या आकड्याचे आतल्या आत तीन कप्पे करायचे. पहिल्यात सुरुवातीचा आवाज, दुसऱ्यात स्वर, तिसऱ्यात शेवटचा आवाज. मशीनने ते तीन वाचावेत आणि चौकोन स्वतः रचावा. मग वापरातले, न वापरातले, अजून कुणी न उच्चारलेलेसुद्धा, सगळे चौकोन लिहिता येतात. कुणालाही निवडायचा अधिकार राहत नाही.

ती पानं मालकाने कधी उघडलीच नव्हती.

तो आला तेव्हा मी पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. ‘मालक, यात दुसरा मार्ग दिलाय. सगळं अक्षर काढायची गरज नाही. ध चं एक बारकं रूप काढा, मागच्या अक्षराच्या खाली लटकणारं. तेवढी एक जागा पुरे. द नंतर ते दाबलं की द्ध होईल.’

त्याने पान उलटंच धरलं आणि हसला. ‘त्या कोरियाचं बघूनच तर केलं म्या. आता अजून काय शिकवता?’

‘पुढचं वाचलं नाहीत तुम्ही.’

‘ताई, जागा संपल्या. एका अक्षरासाठी काय काढू? गणपती काढू?’

‘सनई काढा.’

‘अन् पत्रिकेला काय लावू? तुमच्या एका अक्षरासाठी माझा धंदा बसवू का? किती लोक हाव तुमी?’

त्याने कोपऱ्यात थुंकलं. खोलीच्या आत, पाण्याच्या माठाच्या बाजूला ठेवलेल्या डब्यात, पण निम्मं बाहेर सांडलं. त्या दिवसापासून मी तिथलं पाणी पिणं सोडलं.

कार्डं छापून गावोगाव गेली. पंधरा दिवसांनी बाबा गावाकडून आले. गावातलं, जळाल्यावर पुन्हा उभं केलेलं घर अजून त्यांच्याच नावावर होतं, म्हणून कार्ड आणायला ते स्वतः गेले होते. आले ते पायही न धुता बाजेवर बसले आणि पिशवीतून कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

‘हे तुमच्याकडंच छापलं ना?’

मी धर्माचा रकाना बघितला. तिथं बौध नव्हतं आणि बौध्दही नव्हतं. तिथं छापलं होतं: इतर.

‘आपलंच नाही,’ बाबा म्हणाले. ‘पुऱ्या वस्तीचं असंच आहे. एकूण एक घर इतर. म्हातारे लोक मला विचारत होते, मास्तर, हा कोणता धर्म काढला सरकारने?’

‘कुणी टाइप केलं हे?’ त्यांनी विचारलं.

‘मीच.’

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी खिशातून लाल पेन काढला, शाळेतला, कार्डावर ‘इतर’वर एक रेघ मारली आणि वर सावकाश बौद्ध लिहिलं. मग ते कार्ड बाजूला ठेवून हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी मशीनमध्ये शोधलं. मालकाने धर्मांची एक यादी करून ठेवली होती. आम्ही टाइप केलेला शब्द त्या यादीत सापडला तर कार्डावर तो छापायचा, नाही सापडला तर ‘इतर’. यादीत त्याने स्वतः लिहिलेलं होतं ‘बौध’. मशीनला बौध आणि बौध्द हे दोन वेगळे शब्द. त्याला आकडे दिसतात, माणसं नाहीत. पोखर्णीच्या मुलीने मुकाट ‘बौध’ लिहिलं होतं, तर तिने भरलेली घरं अशुद्ध का होईना, बौद्धांत राहिली. मी मान राखायला गेले आणि माझ्याच वस्तीला मी यादीतून बाहेर काढलं. मालकाचा मला वीट आला होताच; त्या सकाळी पहिल्यांदा माझा स्वतःचा आला. कीबोर्डवरच्या ज्या कळा मी इतक्या टेचात दाबल्या होत्या त्यांना बोट लावावंसं वाटेना.

मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘मी बोललो होतो ना बौध लिहा म्हणून? आता तुमची चूक तुमी निस्तरा.’ पुन्हा छापायला मात्र तयार नाही. कार्डं गेली, काम संपलं.

त्याच आठवड्यात सेलूकडच्या एका पुढाऱ्याच्या मुलीची पत्रिका आली. पुढाऱ्याच्या नावातच द्ध होता. मोठ्या माणसाचं नाव म्हणून मालकाने तिथं नुसता ध न ठेवता ध्द करून नमुना काढला. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याचा माणूस तो नमुना घेऊन जिना चढून आला आणि सगळ्यांसमोर मालकाच्या टेबलावर टाकला. ‘साहेबाचं नाव नीट लिहिता येईना का तुम्हाला? उलटं केलंय ते. साहेब शिकलेले हायत.’

‘लगेच करून देतो, लगेच,’ मालक उभा राहून म्हणाला. ‘तुमी बसा. पंखा लावा गं साहेबाला.’

आणि त्याने केलं. मी माझ्या खुर्चीवरून बघत होते. ओठांच्या कोपऱ्यातून जीभ बाहेर काढून, माउस तेलकट करत, त्याने एकेक ठिपका लावून द काढला आणि त्याच्या पोटाखाली ध लटकवला. सनई पुसली आणि तिच्या जागेवर द्ध बसवला. दुपारी दोनला तो बसला होता. चारच्या आत पत्रिकेचा नवा नमुना निघाला. दोन तास. आमच्या तीन गावांच्या द्धला ज्याच्याकडे जागा नव्हती, त्याला पुढाऱ्याच्या एका अक्षराला दोन तास लागले. मी जिन्यापर्यंत गेले, तो लाल जिना बघितला आणि परत आले.

‘आता ते अक्षर आमच्याही मशीनवर टाका,’ मी म्हटलं.

‘कायला? गेलेली मढी कायला उकरता?’

रविवारी हॉल बंद असायचा. किल्ली पोखर्णीच्या मुलीकडे असे, कारण सकाळी तीच उघडायची. शनिवारी मी तिला बाबांचं कार्ड दाखवलं, लाल शाईचं. तिने ते बराच वेळ बघितलं. तिला काही पटलं का कीव आली, मला आजही सांगता येणार नाही. ती एवढंच म्हणाली, ‘आमच्या घरी कळलं तर माय मला उद्यापासून येऊ देणार न्हाई.’ आणि रविवारी सकाळच्या एस.टी.ने आली.

मालकाच्या मशीनवरून नवीन अक्षरं मी फ्लॉपीवर घेतली आणि आमच्या मशीनवर टाकली. धर्मांच्या यादीतलं ‘बौध’ काढून ‘बौद्ध’ लिहिलं. मग माझ्या तीन गावांच्या फायली उघडून जिथं जिथं ध्द होता तिथं द्ध केला. ती कार्डांचा जाड कागद प्रिंटरला लावत गेली. तो जुना ठिपक्यांचा प्रिंटर, कर्कश ओरडणारा; खालचा खतवाला दोनदा वर येऊन बघून गेला. पहिलं कार्ड निघालं तेव्हा ती म्हणाली, ‘दिसतं तर चांगलं.’ दुपारपर्यंत आम्ही कागद लावत राहिलो. तिच्या गावांचं ‘बौध’ दुरुस्त करायला कागद उरला नाही.

सोमवारी मालकाला कार्डांच्या कागदाची रिकामी खोकी दिसली. खतवाल्याने बाकीचं सांगितलं होतंच. मी तिचं नाव घेतलं नाही. किल्ली मी तिच्याकडून खोटं बोलून घेतली, असं सांगितलं. मालक चोरी, चोरी म्हणत राहिला. त्याच्या थुंकीचे शिंतोडे माझ्या हातावर उडत होते. मी ओढणीने हात पुसला, कार्डांचे गठ्ठे उचलले आणि निघाले. मला अडवायला तो पुढे आला नाही. मला वाटतं, मला हात लावावा लागेल म्हणून आला नाही.

कचेरीतल्या कारकुनाने गठ्ठे उघडूनही बघितले नाहीत. ‘एकदा दिली ना कार्डं? अन् इतर म्हणजे काय वाईट हाय का? इतरात बी माणसंच असतात.’ तो दात कोरत होता आणि काडीला लागलेलं बघत होता.

पुढचं बाबांनी केलं. धुतलेला सदरा घालून ते रोज कचेरीत जायचे आणि बाकावर बसायचे. भांडण नाही, आवाज नाही. अर्जावर एकच मागणी: जुनी कार्डं परत घ्यावी, नवीन कार्डांवर शिक्का मारावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दोन्ही कार्डं शेजारी धरून दाखवायचे. तिसऱ्या आठवड्यात कुठल्यातरी वरच्या साहेबाला त्यांचा कंटाळा आला आणि त्याने शिक्के मारून टाका म्हणून सांगितलं. आमच्या तीन गावांना नवीन कार्डं मिळाली. बाबांनी ती घरोघर जाऊन स्वतः दिली. बाकी गावांत बौध तसंच राहिलं, आणि कचेरीच्या मोठ्या वहीत आमची गावं इतरच राहिली. ती वही कुणी बदलली नाही. पोखर्णीच्या मुलीचं पुढे लग्न ठरलं आणि तिचं येणं बंद झालं. तिची पत्रिका मला आली नाही.

१९९४च्या जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. वस्तीत ढोल वाजले, माय रडली. चार दिवसांनी दारात स्कूटर थांबली आणि मालक आत आला. हातात पेढ्यांचा पुडा.

‘जयभीम, मास्तर,’ तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मग माझ्याकडे वळून, ‘ताई, झालं गेलं सोडा. पत्रकं, बॅनर, अभिनंदनाचे फलक, लय काम आलंय. बुद्धविहार, बौद्ध महासभा, हेच सगळं छापायला. लोक स्पेलिंग बघायलेत आता. तुमच्याशिवाय कुणाला जमना.’

‘तुमच्या मशीनला येत नाही ना ते?’

‘आता सगळ्या मशीनवर टाकलंय,’ तो खुशीत म्हणाला. ‘सनई गेली तर गेली.’

मी नाही म्हणाले. एकदाच म्हणाले आणि स्वयंपाकघरात निघून गेले. बाबांनी मात्र त्याला बसवलं. दारी आलेल्याला बाबा कधी तसंच परत पाठवत नसत. मायने चहा केला. तो बशीत ओतून आवाज करत प्यायला, मिशी पुसली, आणि गेला.

कप मी घासायला घेतला. राखेने घासला, धुतला, पुन्हा घासला. कडेला त्याचे ओठ लागलेली जागा मला दिसत होती असं वाटत होतं. तिसऱ्यांदा राख घेतली तेव्हा मायने माझं मनगट धरलं.

‘असं नको करू,’ ती म्हणाली. ‘असं लोक आपल्याशी करतात.’

मी राख टाकली. कप पाण्याने विसळून फळीवर इतर कपांत पालथा घातला. पण तो कोणता ते मला ओळखू यायचं, त्याच्या कानाला बारीक चीर होती, आणि त्यातून मी पुढे कधी चहा प्यायले नाही. मायने तो कधी फेकलाही नाही.